हमादाच्या मागोमाग: अरेना मेक्सिको ते मिचिनोकु

१९९४चा सुपर जे-कप (हलक्या वजनाच्या पैलवानांची जपानी स्पर्धा) आणि ऑल जपान या संस्थेच्या गाजलेल्या लढती बाजूला ठेवून व्यावसायिक कुस्तीतलं कमी बघितलेलं आता काढायचं, हे मागच्या नोंदीत ठरलंच होतं. यादीत जपान आधी होतं. मी क्रम फिरवला आणि मेक्सिको आधी घेतलं, आणि त्याचा इतका फायदा झाला की इथे सविस्तर लिहितोय. नव्वदच्या दशकातलं मिचिनोकु प्रो (जपानमधली कुस्ती संस्था) ज्यांना नुसती उड्यांची धांदल वाटतं, त्यांनी १९९० ते ९२ या वर्षांतल्या अरेना मेक्सिको या मेक्सिको सिटीतल्या आखाड्यातल्या लढती आधी बघाव्यात. कुलूप तिथे उघडतं, आणि दोन्हींना जोडणारा माणूस म्हणजे ग्रान हमादा हा जपानी पैलवान.

सुरुवात एल डँडी या मेक्सिकन पैलवानापासून. याचं नाव डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन संस्थेमुळे अनेकांना माहीत आहे, पण तिथे त्याला काही करूच दिलं नाही, त्यामुळे तो खरा कोण होता हे कळत नाही. १ जून १९९०ची डँडी विरुद्ध आन्हेल अझ्तेका ही किताबाची लढत लावा. तीन फेऱ्या, दोन जिंकणारा विजयी. मेक्सिकोत किताबाच्या लढतीला एक शिस्त असते: गुद्दागुद्दी, रक्त, खुर्च्या यांना थारा नाही, तेक्निको (सज्जन) असो की रुदो (खलनायक), दोघांनी डाव-प्रतिडावांवरच खेळायचं. पहिल्या फेरीत बराच वेळ नुसती खडाखडी चालते, आणि इथेच पुष्कळ जण कंटाळून पुढे सरकवतात. कृपा करून सरकवू नका. आपल्याकडे ज्यांनी गावच्या फडात बसून कुस्ती बघितली आहे त्यांना पकड घेण्याआधीच्या त्या चाचपणीतली मजा सांगायला नको. कुणाचं मनगट आधी सापडलं, कोण खाली बसला, कोणी पायाचा आधार सोडला, हे पहिल्या फेरीत डोळ्यांत साठवून ठेवलं की तिसऱ्या फेरीतला वेग अंगावर येतो.

एक बारीक गोष्ट, जी मी आता प्रत्येक लढतीत शोधतो. अमेरिकेत आणि जपानमध्ये पैलवान पकड घेतात ती समोरच्याच्या डाव्या हाताची, डाव्या पायाची. मेक्सिकोत उजव्या बाजूची. त्यामुळे आपल्या सवयीच्या डोळ्याला मेक्सिकोची लढत सुरुवातीला उलटी दिसते. जपानहून तिकडे शिकायला गेलेल्या पोरांना सगळं अंग नव्याने वळवावं लागलं असणार. एकदा हे लक्षात आलं की कोण कुठल्या तालमीतून आलाय हे पहिल्याच पकडीत कळायला लागतं.

त्याच वर्षी १४ डिसेंबरला डँडी आणि एल सातानिको यांची केसांची पैज, म्हणजे हरणाऱ्याचं डोकं भादरायचं. निकाल सांगत नाही, बघायची राहिली असेल तर तो आनंद हिरावून घ्यायचा नाही. एवढंच म्हणतो की जूनमधला डँडी आणि डिसेंबरमधला डँडी लागोपाठ बघा. तोच माणूस, तोच आखाडा, पण किताबाची शिस्त गेली आणि तिच्या जागी वैर आलं. लोस इन्फेर्नालेस या टोळीतला हा सातानिको माझ्या मते त्या काळातला मेक्सिकोचा सर्वांत पुरा पैलवान. मार खाताना त्याचा चेहरा बघा, मार देताना तर बघाच. ३ जुलै १९९२ची डँडी विरुद्ध नेग्रो कासास हीसुद्धा यादीत वर ठेवा. कासासवर मात्र स्वतंत्र नोंद लागेल, इथे दोन ओळींत त्याला उरकणं बरं दिसणार नाही.

३ एप्रिल १९९२. ब्लू पँथर आणि लव्ह मशीन, मुखवट्याविरुद्ध मुखवटा, म्हणजे हरणाऱ्याने मुखवटा कायमचा उतरवायचा. हिचा शेवट सांगितल्याशिवाय तिच्यातली गंमत सांगताच येत नाही, म्हणून ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा. मेक्सिकोत मार्तिनेते, म्हणजे समोरच्याला उलटा धरून डोकं खाली आपटणं, नियमाने बंद आहे. अमेरिकेत हाच डाव रोजचा. लव्ह मशीन हा अमेरिकन आर्ट बार, लोकांचा लाडका तेक्निको. तिसऱ्या फेरीत त्याने पँथरला मार्तिनेते दिला, पंचांनी त्याला बाद केलं आणि मुखवटा गेला. एखाद्या डावाला अशी जबर किंमत असली की तो डाव नुसता दिसताच प्रेक्षागृहाचा श्वास अडकतो. मोजून चार गोष्टींना बंदी असलेल्या खेळाचं हे बळ आहे, आणि सगळंच चालतं अशा आजच्या लढतींत ते मला सापडत नाही. बार पुढे एडी गेरेरो या पैलवानाच्या जोडीने रुदो होऊन मेक्सिकोतला सर्वांत नावडता माणूस झाला आणि नोव्हेंबर १९९४मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. पँथरने स्वतःचा मुखवटा २००८पर्यंत राखला.

आता पूल ओलांडू. त्या पुलाचं नाव ग्रान हमादा. उंची जेमतेम साडेपाच फूट, म्हणून न्यू जपान या संस्थेत वर जायला वाव कमी. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याला मेक्सिकोला पाठवलं आणि तो तिथलाच होऊन गेला. (न्यू जपानच्या तालमीतून निघाला म्हणजे बैठकांवर वाढलेला. कार्ल गॉच या वस्तादाने तिथे रुजवलेल्या त्या बैठका मूळच्या आपल्या आखाड्यातल्या, हे आपण अभिमानाने सांगायला हवं.) १९९०मध्ये त्याच्याभोवती जपानमध्ये युनिव्हर्सल ही लुचा लिब्रेला, म्हणजे मेक्सिकन शैलीच्या कुस्तीला, वाहिलेली संस्था उभी राहिली. द ग्रेट सास्के, सुपर देल्फिन ही मंडळी तिथे घडली, आणि सास्केने पुढे ईशान्य जपानमध्ये, इवाते प्रांतातल्या मोरिओकात, मिचिनोकु प्रो काढली. तोक्योच्या बाहेर, गावोगावच्या व्यायामशाळांत खेळणारी संस्था. तोच सास्के २००३मध्ये इवातेच्या प्रांतिक सभेवर निवडून आला आणि मुखवटा घालूनच सभागृहात बसला.

१० ऑक्टोबर १९९६, तोक्योचं सुमोगृह र्‍योगोकु कोकुगिकान. मुख्य लढतीत मिल मास्कारास, सातोरु सायामा (पहिला टायगर मास्क) आणि डायनामाइट किड हे जुने तारे होते, त्यामुळे चर्चा तिचीच होते, आणि किडची ती शेवटची लढत म्हणून ती बघताना गलबलतंही. पण त्या रात्रीचं रत्न म्हणजे दहा जणांची लढत. एका बाजूला काएन्ताई डीएक्स ही टोळी: डिक तोगो, ताका मिचिनोकु, मेन्स तेइओ, शिर्यू, शोइची फुनाकी. दुसरीकडे हमादा, देल्फिन, चौथा टायगर मास्क, ग्रान नानिवा, मासातो याकुशिजी.

मेक्सिकोचा नियम असा की रिंगमधला गडी बाहेर जमिनीवर गेला की त्याचा जोडीदार हाताला हात न लावता आत येऊ शकतो. दहा जणांचा न थांबणारा ओघ याच एका नियमावर उभा आहे. कोण बाहेर पडला यावर नजर ठेवा, लगेच कळतं की पुढचा कुठून येणार. गोंधळ वाटणारी लढत मग स्वच्छ दिसते. ताका आतून थेट वरच्या दोरावर चढतो, हात कशालाच लावत नाही, क्षणभर ताठ उभा राहतो आणि बाहेरच्या माणसावर झेपावतो. ती उडी मी मागे-पुढे करून कितीदा तरी बघितली आहे. तोगो बुटका आणि रुंद, पण पाचांची लय तो सांभाळतो. आणि या सगळ्यांत पंचेचाळिशीचा हमादा, ज्याच्यामुळे हे सगळे इथवर आले, पोरांच्या बरोबरीने पळतोय. ताका, तोगो, तेइओ आणि फुनाकी पुढे डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) गेले. आपल्याकडे फुनाकीला ओळखणारे खूप आहेत. त्या सगळ्यांनी ही लढत बघायलाच हवी.

पुढची नोंद वेगळ्या वळणाची असेल. अकिरा माएदाची रिंग्ज ही जपानी संस्था, दागेस्तानहून आलेला सांबोपटू (सांबो म्हणजे रशियन कुस्ती) व्होल्क हान, आणि २७ जून १९९८ची कियोशी तामुरा विरुद्ध त्सुयोशी कोसाका ही तीस मिनिटांची बरोबरी. मधल्या काळात हमादाच्या युनिव्हर्सलमधल्या १९९० ते ९२च्या लढतींच्या बऱ्या प्रती कुणाकडे असतील तर नक्की कळवा. माझ्याकडच्या प्रतींत दोराच्या पलीकडचं काही धड दिसत नाही, आणि कोण बाहेर पडला तेच तर बघायचं आहे.