तुम्ही विचारलेत म्हणून : शेपटा एवढा लांब, मग कपाळावर झुलपे कशाला?

कमरेखाली जाणारा शेपटा आणि भुवयांवर उतरलेली झुलपे या दोन गोष्टी एकाच डोक्यावर पाहिल्या की लोकांना चैन पडत नाही, असा माझा गेल्या सतरा वर्षांचा अनुभव आहे. लोकलच्या महिला डब्यात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईपासून लग्नात भेटणाऱ्या दूरच्या आत्यापर्यंत अनेकींनी मला हा प्रश्न विचारला आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात थोडी तक्रार असते : “एवढे छान लांब केस, मग पुढचे का कापलेत?” दुसरा हळू आवाजात, सहसा प्रसाधनगृहाच्या आरशासमोर विचारला जातो : “मीही कापू का?” माझ्या सासूबाईंनी पहिला प्रश्न अधिक रोखठोकपणे विचारला होता. कापायचे तर सगळे काप, वाढवायचे तर सगळे वाढव, हे एक ना धड काय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली होती. आता सविस्तर उत्तर देते.

लांब केस बाळगणाऱ्या बाईला पक्के ठाऊक असलेली आणि इतरांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट अशी की, लांब केस बहुतेक वेळ दिसतच नाहीत. सकाळी डबा करताना ते वर गुंडाळून चापात अडकवलेले असतात. गाडीत ते वेणीत असतात, कारण मोकळे सोडले तर कोणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये अडकून दोघींनाही एकाच स्थानकावर उतरायची वेळ येते. कार्यालयात वेणी पाठीवर असते, घरी परतल्यावर तिचा अंबाडा होतो. रविवारी न्हाल्यानंतर केस वाळेपर्यंतचे तीन तास सोडले, तर माझे केस मोकळे कोणी पाहिलेले नाहीत, आणि त्या तीन तासांत ते पाहायला घरातली माणसे आणि समोरच्या गच्चीतली कबुतरे एवढीच असतात. समोरून पाहणाऱ्याला उरलेले सहा दिवस काय दिसते, तर मधला भांग आणि दोन्ही बाजूंना मागे ओढून बसवलेले केस. म्हणजे ज्या केसांसाठी एवढे कष्ट घ्यायचे, ते पाठीमागून येणाऱ्यांसाठी. चेहऱ्याभोवती जे केस दिसावेत असे मला वाटते, ते वेणीत न जाणारेच असले पाहिजेत, आणि वेणीत न जाणारे केस म्हणजे झुलपे. लांबी आणि झुलपे यांत मला विसंगती दिसत नाही. उलट लांब केस नेहमी बांधून ठेवावे लागतात, म्हणूनच पुढे थोडे सुटे हवेत.

अर्थात हे शहाणपण नंतरचे आहे. सुरुवात झाली ती गरजेपोटी. गरोदरपणात एरवी गळून गेले असते असे बरेच केस डोक्यावर टिकून राहतात आणि बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की ते एकदम गळू लागतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. कंगव्यात आणि न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके पाहून मी घाबरले. पुढे गळती थांबली, पण कपाळाच्या कडेने नवे केस उगवले ते बोटभर लांबीचे, ताठ आणि कोणत्याही दिशेला बसायला तयार नसलेले. पाणी लावले, जेल लावले, तेल चोपडले. दुपारपर्यंत ते पुन्हा उभे. बाळाचे जावळ काढायची चर्चा घरात चालू असताना माझ्या कपाळावर त्याच्याइतकेच जावळ होते. घराजवळच्या पार्लरमधल्या ताईंनी सुचवले की, या आखूड केसांत वरचे थोडे केस मिसळून झुलपेच काढू, म्हणजे हे वेगळे दिसणार नाहीत. सूचना उत्तम होती. तिची अंमलबजावणी मात्र फसली.

फसली ती पाण्यामुळे, आणि झुलपांविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही आहे, म्हणून जरा थांबून सांगते. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याला आकार देणारे काही बंध पाण्याने तात्पुरते सुटतात, त्यामुळे ओला केस ताणला की लांबतो. वाळला की ते बंध पुन्हा जुळतात आणि केस आखडून मूळच्या वळणावर जातो. कमरेपर्यंतच्या केसांत दोन बोटे इकडे-तिकडे झाली तर कोणाला कळत नाही. भुवईपर्यंतच्या केसांत ती दोन बोटे म्हणजे सर्वस्व असते. ताईंनी माझे केस भिजवले, कंगव्याने ताणून धरले आणि भुवयांच्या रेषेवर कात्री चालवली. घरी येऊन केस वाळले तेव्हा झुलपे कपाळाच्या मध्यावर, एखाद्या अपुऱ्या पडद्यासारखी लोंबत होती. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी मात्र पुढचे दीड महिना कपाळावर रुंद पट्टा बांधून हिंडले.

तेव्हापासून मी झुलपे स्वतःच, कोरड्या केसांवर कापते. आधी बाकीच्या केसांची वेणी घालून ती मागे टाकावी, म्हणजे लांब केस चुकून कात्रीखाली येत नाहीत. मग पुढच्या केसांचा त्रिकोण पाडावा. त्याचे मागचे टोक कोठे असावे हे ठरवायला कंगवा भांगाच्या दिशेने माथ्यावर सपाट टेकवावा. पुढच्या बाजूला माथा जेथे कंगव्याला सोडून खाली उतरू लागतो, ती जागा. त्याच्या मागे गेलात तर झुलपे जड होतात आणि शेपटा उगाच बारीक होतो. त्रिकोणाची बाकीची दोन टोके भुवयांच्या बाहेरच्या टोकांच्या सरळ वर येतात, आणि त्यांच्यापलीकडचा एक केसही घेऊ नये, कारण कानशिलाजवळचे केस एकदा कापले की वेणी घालताना ते दोन्ही बाजूंनी निसटत राहतात. केस ताणून न धरता, नाकाच्या उंचवट्यापर्यंत लांब ठेवून, कात्री उभी धरून टोके बारीक बारीक छाटत वर यावे. आडवी कात्री एका झटक्यात चालवली की जी रेषा तयार होते, ती जपानी राजकन्येला शोभते. आपल्याकडच्या थोड्या लहरी केसांवर ती तिसऱ्या दिवशी वाकडी दिसते.

माझ्या वयाच्या बाईने झुलपे ठेवली की पुढचा शेरा ठरलेला असतो : “अय्या, साधना कट!” माझा त्याला आक्षेप नाही, कारण या विषयात आपल्याकडे अभिनेत्री साधना यांच्याइतका अधिकार कोणाचाच नाही. १९६० साली आलेल्या ‘लव्ह इन सिमला’मध्ये त्यांचे कपाळ रुंद दिसते म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हॉलिवूडच्या ऑड्री हेपबर्न यांच्यासारखी झुलपे कापून घ्यायला सुचवले, आणि देशभरच्या मुलींनी ती उचलली. त्याच वर्षीच्या बिमल रॉय यांच्या ‘परख’मध्ये त्या खेड्यातल्या साध्या मुलीच्या भूमिकेत, झुलपांशिवाय दिसतात. मला त्यात कुतूहलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ऑड्री हेपबर्न यांची जी झुलपे जगभर गाजली, ती आखूड कापलेल्या केसांवरची होती. साधना यांच्या झुलपांच्या मागे मात्र भारदस्त अंबाडा किंवा वेणी राहिली. ‘वक्त’मध्ये (१९६५) तर झुलपे, वर बांधलेले केस आणि कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी बेतलेला तंग चुडीदार-कुडता असा सगळा थाट आहे. मागचे केस न कापता पुढचे कापता येतात, हा शोध आपल्याकडच्या मुलींना फार सोयीचा होता. कारण लांबीला हात लावलेला घरात चालला नसता आणि दोन इंच झुलपांवरून फार तर एक संध्याकाळ बोलणी खावी लागली असती.

माझ्या थोरल्या मावशीने ती संध्याकाळ अनुभवली आहे. शाळेत असताना तिने आजीच्या शिवणाच्या कात्रीने स्वतःची झुलपे कापली, तीही मुद्दाम आजी देवळात गेलेली असताना. आजीने परतल्यावर आरडाओरडा केला नाही. तिने खोबरेल तेलाची वाटी घेतली, मावशीला पुढ्यात बसवले आणि सगळे केस चापूनचोपून दोन वेण्या घातल्या. झुलपे वेणीपर्यंत पोहोचेनात, तेव्हा त्यांना काळ्या पिनांनी मागे जखडले. तेवढ्यात ती जे म्हणाली, ते आमच्या घरात अजून म्हटले जाते : “सटवीनं कपाळावर लिहिलंय ते झाकलंस म्हणून बदलणार आहे का?” मूल जन्मल्यावर सटवाई येऊन कपाळावर त्याचे भविष्य लिहून जाते, अशी आपली समजूत, त्यामुळे आमच्याकडे कपाळ ही उघडीच ठेवायची जागा आहे. मोठे कपाळ भाग्याचे, कुंकवाची जागा कपाळ, आणि केस डोळ्यांवर आले की त्यांना झुलपे न म्हणता थेट झिंज्या म्हणायचे. मावशीची झुलपे दर तिसऱ्या आठवड्याला गुपचूप छाटली जात राहिली, आणि आजी दर रविवारी तेल लावत राहिली. दोघींनीही हट्ट सोडला नाही.

टिकलीचा प्रश्न मात्र खरा आहे. भुवयांपर्यंत आलेली दाट झुलपे टिकली झाकून टाकतात आणि गरमीत टिकलीचा डिंक सैल झाला की ती केसालाच चिकटून खाली येते. म्हणून मी मध्ये विरळ आणि कडेला लांब होत जाणारी झुलपे ठेवते, म्हणजे ती मधोमध थोडी फाकतात आणि टिकलीला जागा राहते. हल्ली पार्लरमध्ये यालाच कर्टन बँग्ज म्हणतात आणि त्याचे दीडपट पैसे घेतात.

आता निगा, कारण “मीही कापू का” याचे उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे. कपाळाची त्वचा तेलकट असते आणि झुलपे दिवसभर तिच्यावर टेकलेली असतात, त्यामुळे बाकीचे केस स्वच्छ असताना झुलपे दुसऱ्याच दिवशी चिपकतात. लांब केसांचे न्हाणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. ते रोज शक्य नाही. मी सकाळी वेणी तशीच ठेवून, बेसिनवर वाकून फक्त झुलपे थेंबभर शाम्पूने धुते आणि पंचाने टिपते. चहा उकळेपर्यंत ती जवळजवळ वाळलेली असतात. तेल लावताना झुलपे वगळावीत आणि रात्री ती मागे घ्यावीत, नाहीतर कपाळावर बारीक पुळ्या उठतात. माझ्या बहिणीने यासाठी चार मलमे बदलली आणि शेवटी कारण निघाले ते खोबरेल. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने तेच बंध सुटतात, जे मी वर सांगितले, फक्त हळूहळू. जुलै महिन्यात ठाण्यात सकाळी सरळ असलेली झुलपे संध्याकाळी गोल होऊन वर चढलेली असतात, आणि त्यावर माझ्याकडे दोन पिना आणि सोशिकपणा याव्यतिरिक्त उपाय नाही. दुचाकी चालवणाऱ्यांनी हेल्मेट घालताना ती वर उलटी वळवून घ्यावीत. पुढे चेपली तर दिवसभर शिक्का बसल्यासारखी दिसतात.

झुलपांचा एक फायदा मी आधी धरला नव्हता. लांब, जड केसांची घट्ट वेणी वर्षानुवर्षे घातली की सगळा ताण कपाळाच्या कडेवर येतो आणि तेथले केस विरळ होत जातात. आपल्या आज्यांचे भांग रुंद झालेले आपण पाहिले आहेत. झुलपांतले केस त्या ओढीतून सुटतात. याची किंमत शेपट्याला मोजावी लागते. ज्यांचा शेपटा मुळातच बोटभर जाड आहे, त्यांनी झुलपे काढली तर तो आणखी बारीक होईल, आणि हे मी स्पष्टच सांगते, कारण पार्लरमध्ये कोणी सांगत नाही. कपाळाच्या कडेलाच भोवरा असेल तरीही विचार करावा. तेथले केस स्वतःच्या मर्जीने फाकतात आणि कोणतीही कात्री त्यांना वळण लावू शकत नाही.

आणि पश्चात्ताप झाला तर? केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. भुवईपासून हनुवटीपर्यंत यायला सुमारे वर्ष लागते, आणि त्यातले मधले पाच-सहा महिने केस धड पुढे नाहीत, धड मागे नाहीत, अशा अवस्थेत काढावे लागतात. कमरेपर्यंतच्या बाकीच्या केसांना गाठायचे म्हटले तर पाच वर्षे धरून चाला. म्हणून लग्न ठरलेल्या मुलींना मी सहसा थांबायला सांगते.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने ऐकले नाही. वैशाखातले लग्न आणि फाल्गुनात तिने झुलपे कापली. मुंडावळ्या बांधायची वेळ आली तेव्हा लक्षात आले की, मोत्यांची सर कपाळावर नेमकी झुलपांवरून जाते आणि त्यांना डोळ्यांत ढकलते. खोपा बांधणाऱ्या बाईंनी दोन्ही भुवयांच्या वर केस दोन बाजूंना वळवून काळ्या पिनांनी पक्के केले, वरून मुंडावळ्या बांधल्या आणि पिना मोत्यांखाली झाकल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिचे कपाळ लख्ख उघडे होते, आणि पुढच्या खुर्चीवर बसलेल्या मावशीने माझ्या कानाशी येऊन विचारले की, संध्याकाळी स्वागत समारंभाला पोरगी त्या पिना काढणार आहे ना. काढल्या. मावशीनेच काढल्या.