तिजोरीची किल्ली ज्याच्या हातात

गोव्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं नाव निघालं की आग्वादचा तुरुंग आठवतो, पोलिसांचा मार आठवतो, डिसेंबर 1961 ची मुक्ती आठवते. हा माणूस सत्तेवर चढला कसा, हे फारसं कुणी सांगत नाही. तो ना सेनापती होता, ना त्याने उठाव केला. कुईंब्राच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा तो प्राध्यापक.

पोर्तुगालमध्ये 1910 ते 1926 या काळात 45 सरकारं आली नि गेली. विटलेल्या लोकांनी 28 मे 1926 चा लष्करी उठाव मुकाट्याने स्वीकारला. पण सेनाधिकाऱ्यांना हिशेब जमेना. तूट वाढत गेली. राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्स) कर्ज मागितलं, तर त्याने खर्चावर आपली देखरेख हवी म्हटलं. ती अट अपमानाची वाटली म्हणून नाकारली, आणि एप्रिल 1928 मध्ये सालाझारला बोलावलं. 1926 मध्ये तो काही दिवसच अर्थमंत्री राहून परत गेला होता. या वेळी त्याने आधी अटी मान्य करून घेतल्या: प्रत्येक खात्याने अर्थखातं ठरवील तेवढ्यातच भागवायचं, जमाखर्चावर परिणाम करणारा निर्णय त्याला विचारूनच घ्यायचा, आणि वाढीव खर्च रोखायचा अधिकार त्याच्याकडे.

माझ्या मते हुकूमशाही इथेच आली. परक्यांची देखरेख नको म्हणणाऱ्यांनी तीच देखरेख एका माणसाच्या हाती दिली. लष्करसुद्धा त्याच्या सहीवर अवलंबून झालं. पहिल्याच वर्षी अंदाजपत्रकात शिल्लक दिसली, आणि हा गेला तर देश बुडेल, अशी समजूत पक्की झाली.

पुढचं भराभर घडलं. 1930 मध्ये वसाहतींचं खातं काही महिने त्याच्याकडे होतं. त्याच वर्षीच्या ‘आक्तु कोलोनियाल’ने, म्हणजे वसाहतींच्या कायद्याने, वसाहती बाळगणं आणि तिथल्या लोकांना ‘सुसंस्कृत’ करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं कार्य ठरवलं. 1926 पूर्वीच्या प्रजासत्ताकाच्या काळात गोव्याला मिळालेली थोडीफार स्वायत्तता त्यात गेली. गोव्याचे नेते मिनेझिस ब्रागांझा यांनी इथल्या विधिमंडळात त्याविरुद्ध ठराव मांडून स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला. 1932 मध्ये सालाझार पंतप्रधान झाला. 1933 मध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत घेतलं, त्यात मत न देणाऱ्यांची गणती ‘हो’मध्ये केली. घरी बसलेला विरोधकही पाठीराखा ठरला! वृत्तपत्रांवर आधीपासून सेन्सॉर होताच. आता गुप्त पोलीसही आले. सभेला आधी परवानगी लागे. 18 जून 1946 रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी मोडला तो हाच निर्बंध.

एक किल्ली मात्र सालाझारच्या हाती नव्हती. घटनेप्रमाणे पंतप्रधानाला काढायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा. कार्मोना 1951 पर्यंत त्या पदावर होते. त्यांनी तो वापरलाच नाही. 1958 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार उंबेर्तु देल्गादु यांनी निवडून आल्यास सालाझारला काढणार, असं उघड सांगितलं. अधिकृत निकालात ते हरले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक रद्द झाली, आणि 1965 मध्ये गुप्त पोलिसांनी देल्गादुंचा खून केला.

तो अधिकार अखेर वापरला गेला सप्टेंबर 1968 मध्ये, सालाझार आजाराने निकामी होऊन पडला तेव्हा. गोवा मुक्त होऊन त्याला जवळजवळ सात वर्षं झाली होती.