जामीन झाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

कारागृहातल्या विधी सहाय्य क्लिनिकच्या रजिस्टरमध्ये एका कैद्याच्या नावापुढे शेरा होता : ‘जामीन मंजूर. जामीनदार नाही.’ आदेशाची तारीख पाच महिन्यांपूर्वीची. मी जिल्ह्याच्या लोकअभिरक्षक कार्यालयात आहे. वकील करणं ज्यांना परवडत नाही, अशा आरोपींच्या बाजूनं आम्ही उभे राहतो. मुलाखतीला आल्या आल्या तो म्हणाला, “मॅडम, बेल झालीय ते म्हाईत हाय मला. दुसरं काय काम असंल तर सांगा.” सुटकेचा विषयच त्यानं मनातून काढून टाकला होता.

पंचविशीतला पारधी तरुण. रात्रीच्या घरफोडीत संशयावरून उचललेला, त्याच्याकडून मुद्देमाल काहीच जप्त नाही. मॅजिस्ट्रेटांनी जामीन दिला होता, पण २५ हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं बंधपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार या अटीवर. जामीनदार म्हणजे सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती आणि तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. हे कुटुंब गायरानावर पालात राहतं. नात्यागोत्यात कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, आणि गावात ज्यांची आहे ते पारध्याला जामीन राहत नाहीत. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे भेटतात. त्याच्या आईकडे एकानं आठ हजार मागितले होते. त्यातली निम्मी रक्कमही तिच्याजवळ नव्हती.

देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी आहेत, त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यांच्यासाठी काहीच केलं गेलं नाही असं म्हणता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९नं पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयानं ती जुन्या खटल्यांनाही लागू केली, तेव्हा आम्ही याद्या घेऊन कामाला लागलो. पण चोरीसाठी केलेल्या रात्रीच्या घरफोडीला कमाल शिक्षा १४ वर्षं. तिचा एक तृतीयांश म्हणजे चार वर्षं आठ महिने. शिवाय त्याच कलमाचं दुसरं उपकलम सांगतं की, एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. याच्यावर दुसरा एक खटला चालू आहे, तोही संशयाचाच. कुठेही चोरी झाली की पोलीस आधी ज्यांच्या पालावर येतात, त्यांच्यावर एकच केस राहील कशी? ब्रिटिशांनी १८७१ साली कायद्यानं या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२मध्ये तो कायदा रद्द झाला. तरी तुरुंगाच्या नियमावल्यांमधला या जमातींचा उल्लेख काढून टाकायला सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४मध्ये निकाल द्यावा लागला. कलम ४७९चं हे उपकलम बदललं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्यासाठी सुधारणा सगळ्यात जास्त हवी, नेमके तेच त्यामुळे बाहेर राहतात.

गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ची योजना आहे, त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळते. पण इथे अट रोख रकमेची नव्हती, जामीनदाराची होती. म्हणून मी अट शिथिल करण्याचा अर्ज टाकला. आधार होता ३१ जानेवारी २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांचा : जामीन मिळून महिनाभरात बंधपत्र दिलं गेलं नाही, तर कोर्ट स्वतःहून अटींचा फेरविचार करू शकतं.

सुनावणीच्या दिवशी आई पहिल्या एसटीनं आली होती. सरकारी वकिलांनी विरोध केला. यांना पक्का ठावठिकाणा नाही, एकदा सोडला की तारखेला येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी १९७८चा मोतीराम खटला वाचून दाखवला. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदारही नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर त्याला सोडायला सांगितलं.

न्यायाधीशांनी आईला पुढे बोलावलं. तिनं कमरेची पिशवी सोडून कागद टेबलावर मांडले. दुमडून दुमडून घडीवर फाटलेलं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, नातीचा जिल्हा परिषद शाळेतला दाखला. तिन्हींवर गाव एकच. न्यायाधीशांनी एकेक कागद उचलून वाचला.

“किती वर्षं राहता इथं?”

“ह्याचा जन्म तिथलाच हाय, सायेब. ह्याचा बाप बी तिथंच गेला. जाऊ कुठं आमी?”

“तारखेला हजर राहील का?”

“मी सोता घेऊन येते की.”

सरकारी वकील पुन्हा उभे राहिले, मग काही न बोलता बसले. जामीनदाराची अट काढून टाकण्यात आली. फक्त जातमुचलका आणि महिन्यातून एकदा पोलीस ठाण्यात हजेरी. आदेश डायसवरच सांगितला गेला, दुपारी कारागृहाला ईमेल गेला आणि संध्याकाळच्या सुटकेत तो बाहेर आला. बाहेर आल्यावर त्यानं मला विचारलं, “आता दुसऱ्या केसमधी धरतील का?” त्या खटल्यात त्याचा जामीन आधीच झालेला आहे, आदेशाची प्रत मी त्याच्या हातात दिली आणि ती नेहमी जवळ ठेवायला सांगितलं. कुणी उचललं तर आधी ती दाखव, मग मला फोन लाव.

पहिल्या तारखेला मायलेक पुकार व्हायच्या आधीच कोर्टाबाहेर उभे होते. त्याच रजिस्टरमध्ये तसाच शेरा असलेल्या दुसऱ्या एका कैद्याचा अर्ज मात्र दुसऱ्या कोर्टात फेटाळला गेला. कारण दिलं, गुन्हा गंभीर आहे. जामीन मंजूर करतानाच त्या गांभीर्याचा विचार झालेला असतो, मग जामीनदार मिळत नाही हे त्याला आत ठेवायचं कारण कसं होतं? हाच मुद्दा घेऊन मी आता सत्र न्यायालयात जाते आहे.