आमची वाटचाल: गेज, पूर आणि अंबरनाथचे काका

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात मायक्रोमीटर, डायल (काट्यावर माप दाखवणारं गेज), प्लग आणि रिंग गेज (भोक आणि दांडा तपासायची ठरलेल्या मापाची साधनं) यांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर आहे का याची पडताळणी, चालते. वडील नागदेवीच्या एका पेढीवर डायल उघडायला शिकले आणि मग त्यांनी स्वतःचं टेबल मांडलं. रॅक, पिनियन, हेअरस्प्रिंग, सगळं त्यांना हाताने कळायचं. प्लंजरला, म्हणजे मोजताना आतबाहेर सरकणाऱ्या दांडीला, तेल घालून आणलेला डायल दिसला की त्यांचं डोकंच फिरायचं. आजही सांगतो, प्लंजरला तेल घालू नका, धूळ धरून तो अडकतो.

पण आमचं नाव झालं ते अंबरनाथच्या काकांमुळे. काका काडतुसांच्या केसची, म्हणजे पितळी नळकांड्यांची, गेज बनवतात, माल परदेशी जातो. तिकडचे नेमबाज डागलेली पितळी केस पुन्हा भरून वापरतात. बार उडाला की केस चेंबरभर फुगते आणि मानेकडे लांबते. ती डायमध्ये (साच्यात) दाबून पुन्हा मापात आणायची, वाढलेली लांबी कापायची. .३०८ विंचेस्टरच्या केसची कमाल लांबी ५१.१८ मिमी. त्यापुढे गेली तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला अडून गोळीवर आवळतं आणि दाब चढतो. काकांचं गेज म्हणजे आतून चेंबरसारखी कापलेली नळी. केस आत सोडायची, बूड दोन पायऱ्यांच्या मध्ये बसलं पाहिजे. पायऱ्यांमधला फरक काही थाउंचाच (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पण नख फिरवलं की कळतो. या नळीसाठी लागणारे मास्टर प्लग, म्हणजे मूळ माप देणारे प्लग, आम्ही स्लिप गेजची (अचूक जाडीच्या पोलादी ठोकळ्यांची) थप्पी लावून तपासतो. स्लिप गेजसुद्धा बंदुकीच्याच कारखान्यात जन्मली. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुनाच्या रायफल कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सनने १८९६ मध्ये ती कल्पना काढली. काका हे प्रत्येक नव्या पोराला सांगतात.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, मिठी फुगली आणि आमच्या गाळ्यात कमरेएवढं पाणी शिरलं. स्लिप गेजच्या लाकडी पेट्या फुगून उघडेनात. उघडल्या तेव्हा लॅप केलेल्या (घासून आरशासारख्या सपाट केलेल्या) तोंडांवर सुईच्या टोकाएवढे गंजाचे ठिपके होते. अशी स्लिप दुसरीला नीट चिकटत नाही, म्हणजे रिंगिंग घेत नाही, आणि मग थप्पीचं माप खरं राहत नाही. आम्ही त्याच दिवसापासून सर्टिफिकेट देणं थांबवलं. गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, नवा सेट येईपर्यंत माल पाठवू नका.

याचा फायदा आमच्याच रांगेतल्या एका कॅलिब्रेशनवाल्याने घेतला. "त्यांचे मास्टर गंजलेत" असं सांगत तो आमच्या एकेका गिऱ्हाइकाकडे फिरला. अर्ध्या भावात, दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट! ठाण्याच्या एका कारखान्याचे प्लग नंतर आमच्याकडे परत आले. पुराआधी आम्ही त्यांना दिलेला मेणाचा थर जसाच्या तसा होता, कुठे चीरसुद्धा नव्हती. कागद मात्र त्याचा नवाकोरा. मेण न काढता प्लगचा व्यास मोजता येत नाही, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. तरी त्याचा धंदा वाढला, आमचे कारागीर त्याच्याकडे गेले आणि गाळ्याचं भाडं थकलं. ते मी विसरलेलो नाही.

नव्या स्लिप सेटसाठी काकांनी पुढच्या कामाचे पैसे आगाऊ दिले. चिठ्ठी नाही, व्याज नाही. "तुमच्याशिवाय माझे मास्टर कोण तपासणार?" एवढंच म्हणाले आणि तोवर त्यांनी स्वतःची डिलिव्हरी थांबवली. काका नसते तर हा गाळा आज दुसऱ्याच्या नावावर असता.

पुढची वर्षं कामात गेली. एसीची खोली झाली, एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता मिळाली.

नवीन पोरांना सांगतो, मालावर घाई करू नका. मापाचं मानक तापमान २० अंश. ३२ अंशाला ५१ मिमीची पितळी केस साधारण १२ मायक्रोनने (मायक्रोन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) वाढते आणि त्याच लांबीचं पोलादी गेज ७ मायक्रोनने. म्हणून गेज आणि माल ग्रॅनाइटवर शेजारी ठेवून थंड होऊ द्या आणि उघड्या हाताने धरू नका. प्लगची गो बाजू (जी नगात गेलीच पाहिजे) नो-गोच्या (जी जाता कामा नये) आधी झिजते, कारण ती प्रत्येक चांगल्या नगात जाते, म्हणून ती जास्त वेळा तपासा. मायक्रोमीटर ठेवताना दोन्ही टोकं एकमेकांना भिडवू नका, थोडी फट ठेवा.

फोनवर अजून विचारतात, "उद्या मिळेल का?" माल आमच्या खोलीत रात्रभर राहिल्याशिवाय आम्ही त्याला मायक्रोमीटर लावत नाही. काकांच्या मालालाही हाच नियम.