‘पिंडी ते ब्रह्मांडी’ : बिंदूच्या कडेचं काम

36 × 36 इंची कॅनव्हासवरचं माझं अ‍ॅक्रिलिक चित्र ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ आता निम्म्याच्या पुढे गेलंय. मधोमध बिंदू, भोवती विस्तारत जाणारी वर्तुळं आणि सगळ्यांना पोटात घेणारा निळा-काळा अवकाश. ध्यानस्थ आकृती, चक्रं, कमळं मुद्दाम घेतली नाहीत. आकृती आली की बघणारा ‘हे कोण?’ असं विचारतो; मला त्याने त्या जागी स्वतःला बघायला हवंय.

चित्राचा सगळा भार बिंदूच्या कडेवर आहे. चित्रकार सय्यद हैदर रझांचा बिंदू आठवा : काळाभोर, ठाम, बीजासारखा घट्ट. मला तो फार प्रिय आहे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ‘मी’ नेमका कुठे संपतो? त्यासाठी कड हवी, रेघ नको.

वाट सापडली ती पुण्याच्या पाताळेश्वर लेण्यात. जंगली महाराज रस्त्यावरून आत गेलं की आठव्या शतकातला तो गोल नंदीमंडप समोर येतो. खांब आणि पायाखालची जमीन एकाच बेसाल्टाची. भोवतालचा दगड काढून टाकला, म्हणून मंडप वेगळा दिसतो, एवढंच! तिथेच ठरलं : बिंदू आणि अवकाश त्याच दोन रंगांतून काढायचे.

ट्यूबमधला काळा वापरलेलाच नाही. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर, बस. अवकाशात निळा जास्त, बिंदूत अंबर जास्त. ग्लेझिंग मीडियममध्ये (रंग पातळ, पारदर्शक करणाऱ्या द्रवात) मिसळून हातावर हात देतोय. कडेपाशी दोन्ही मिश्रणं ओली असतानाच कोरड्या, मऊ ब्रशने एकमेकांत ओढून घेतो. लांबून कड स्वच्छ दिसते, पण जवळ गेल्यावर ती कुठे सुरू झाली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मला हवं होतं ते हेच.

एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत अ‍ॅक्रिलिक ब्रशखालीच सुकतं, रिटार्डर (सुकणं लांबवणारा द्रव) घालावाच लागतो. पावसाळी हवेत थोडी उसंत मिळते, म्हणून कडेचं काम आत्ताच उरकतोय. ओलं अ‍ॅक्रिलिक उजळ दिसतं आणि सुकल्यावर गडद होतं, तेव्हा आधीचा हात पूर्ण सुकल्याशिवाय टोन जोखू नका.

बाहेरची वर्तुळं गेरूच्या छटांत असतील, ती पुढच्या टप्प्यात.

प्रश्न वार्निशचा आहे. मॅटने (बिनचमकीच्या) गडद रंगांवर दुधट झाक येते. ग्लॉसने (चकचकीत) रंगांना खोली मिळते, पण खोलीतली ट्यूबलाइट चित्रात चमकते. माझा कल सॅटिनकडे, म्हणजे या दोन्हींच्या मधल्या चमकीकडे आहे. इतक्या गडद चित्रावर कुणी ते वापरलं असेल तर फोटो नक्की दाखवा, शक्यतो तिरक्या उजेडात काढलेला.