अजिंक्यतारा: कडा उभा राहिला, मंगळाईचा कोपरा बसला, आणि बेत बदलला

आमच्या दिवाळीच्या मातीच्या किल्ल्याचा उत्तरेचा कडा उभा राहिला! सरळसोट, गोणपाट न लावता, सिमेंटचा कणही न घालता. आणि काल रात्री परतीच्या पावसानं त्यातलाच मंगळाईकडचा (मंगळाई देवीच्या देवळाच्या अंगाचा, ईशान्येचा) कोपरा पाडला. आनंद नि चरफड दोन्ही एकदमच लिहावं लागतंय, पण लिहितेच, कारण त्या कोपऱ्यानं आमचा अख्खा किल्लाच बदलून टाकलाय आणि ते बरंच झालं असं मला मनापासून वाटतंय.

मागचं वाचलेल्यांना माहितीच आहे की यंदा साताऱ्याचा अजिंक्यतारा करतोय. गेल्या दिवाळीत प्रतापगड केला तेव्हा खालचा किल्ला नि बालेकिल्ला असे दोन टप्पे होते, विटांच्या पायऱ्या रचत गेलं की निम्मं काम झालं. इथं तसं नाही. हा लांबुळका, माथा बऱ्यापैकी सपाट, वरच्या अंगाला उभा कडा आणि त्याखाली लांब उतार. त्यात आम्ही राहतो साताऱ्यात, गच्चीवर गेलं की समोरच दिसतो, म्हणजे किल्ला बघायला येणारा प्रत्येकजण आधी आमचा बघणार, मग मान वर करून खरा बघणार.

सहामाहीचा शेवटचा पेपर संपला त्या दुपारीच थोरलीनं (सातवी) दप्तर टाकलं नि घमेलं काढलं, धाकटा (तिसरी) आधीच विटांवर जाऊन बसला होता. शाळा असताना हलवून हलवून उठवावं लागतं, आणि आता उजाडायच्या आत उशाशी येऊन विचारतात, मम्मी माती भिजली का. सुट्टीच्या अभ्यासाची वही अजून कोरी आहे. असू दे, भाऊबीज झाली की बसवते.

तर कडा. माझ्या मते किल्ला ओळखू येतो तो कड्यावरून. बुरूज काय, वाटीत माती दाबून उलटी मारली की झाला, तटबंदी सुरीनं कापता येते, पण कडा पडका वाटला की ती नुसती टेकडी होते. आमची पहिली पद्धत सगळे करतात तीच, विटांचा गाभा, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर मातीचा लेप. उताराला ती झकास चालते. उभ्या अंगाला मात्र तांबडी माती रात्रभरात सरकते, सकाळी बघावं तर कडा शिऱ्यासारखा खाली बसलेला. काळी माती सरकत नाही, चिकट असते, पण सुकताना इतकी आकसते की बोटबोट भेगा पडून पापुद्रे निघतात. दोन्ही मिसळून बघितल्या, भुसा घातला, शेण घातलं, भाताचं तूस घातलं. तुसानं भेगा बऱ्याच कमी होतात हे नोंदवून ठेवा, उताराला आता मी तेच वापरतेय. पण कडा काही केल्या टिकेना.

गोणपाटाचाही वैताग. बाजारात सगळी पोती प्लास्टिकची, त्याला माती धरतच नाही, वाळली की अख्खा थर सुटून येतो. ज्यूटचं पोतं हवं असेल तर अडत दुकानात जाऊन जुनं मागा, विणीत माती रुतते नि धरून राहते. नर्सरीतून तांबडी माती आणली तीही मला पटलेली नाही, पिशवीत खडे नि मुळ्याच जास्त, चाळल्याशिवाय हात लावण्यासारखी नव्हती. किल्ल्यावरची किंवा कासच्या बाजूची माती उचलून आणायची नाही हा आमच्या घरचा नियम आहे आणि तुम्हीही पाळा अशी कळकळीची विनंती. जिथली माती तिथंच राहिली पाहिजे.

मग रविवारी सकाळी पोरांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेलो, हे पण होते बरोबर. पोरं पुढं पळाली आणि वळणावर थोरली थांबली, कड्याकडं बघत म्हणाली, मम्मी खऱ्या कड्याला पण भेगा आहेत की, उभ्या. आणि खरंच. आपल्या इकडचा सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा, एकावर एक, काही थर कठीण काही मऊ. मऊ झिजून उतार होतो, कठीण तसाच उभा राहतो तो कडा, आणि लाव्हा थंड होताना आकसला म्हणून त्या भेगा. आमची काळी माती सुकताना करत होती ते हेच! ज्या भेगा बुजवायला मी जिवाचं रान करत होते त्याच हव्या होत्या.

पुढचं घरी येताना गाडीतच ठरलं. माती सुकून भेगाळणारच असेल तर आधीच सुकलेली, भेगाळलेली आणायची. दादाला फोन केला, त्याचं कोरेगाव तालुक्यात रान आहे, सोयाबीन निघून नांगरट झालेली, चार उन्हं मिळाल्यानं ढेकळं टणक वाळलेली. पोरं मामाकडं जायचं म्हटल्यावर तयारच. दोघांनी रानात ढेकळं निवडली, धाकट्याचं काम उभ्या तासलेल्या तोंडाची शोधायचं, थोरलीनं ती उंचीप्रमाणं लावून पोत्यात भरली. मामानं वर भुईमुगाच्या शेंगा दिल्या, त्या वाटेतच संपल्या.

रचायची रीत अशी: विटांच्या गाभ्याला टेकून खाली मोठी ढेकळं, वर बारीक, प्रत्येकाचं तासलेलं तोंड बाहेर, मधल्या सांध्यात तांबड्या मातीचा पातळ काला. दगडी गडगा रचतात तसंच, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. ढेकूळ आधीच आकसून झालेलं असतं म्हणून नवी भेग पडत नाही, आणि कोरडं असतं म्हणून वजनानं सरकत नाही. अख्खी उत्तर बाजू एका दुपारीत उभी राहिली. सासूबाई अनारशाचं पीठ मळता मळता बाहेर आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, अगं हा तर आपला किल्ला. त्यांचं माहेर इथलंच, त्या सहसा असं म्हणत नाहीत. मला फार बरं वाटलं.

आणि काल रात्री पाऊस. ताडपत्री होती, चांगली बांधलेली होती, पण शेजारच्या गच्चीची पन्हळ भिंतीच्या कडेनं वाहिली आणि पाणी खालून आलं. नेमकं ईशान्य कोपऱ्यात. वरची ढेकळं कोरडी ठणठणीत, खालची विरघळली, आणि मंगळाईचा बुरूज तटासकट खाली. धाकटा रडला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

सकाळी मात्र थोरलीनं काम हातात घेतलं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन एक वाळलेलं ढेकूळ टाकलं, बुडबुडे आले आणि बघता बघता गाळ झाला. मी तिला सांगितलं की कोरड्या ढेकळात हवा कोंडलेली असते, पाणी भसकन आत शिरलं की ती हवा बाहेर पडताना ढेकूळ फोडते. तर तिचा लगेच प्रश्न, मग पाणी हळूहळू शिरलं तर? एक ढेकूळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, दुपारपर्यंत ओल आतपर्यंत गेली, मग ते पाण्यात टाकलं. तळाशी थोडा गाळ, पण आकार तसाच! मी एवढी वर्षं किल्ले करतेय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आता पायाचा थर ओलवून मग बसवायचा, त्यावर पातळ शेणकाल्याचा हात फिरवायचा, आणि कड्याच्या बुडाला बारीक खडीची चर ठेवायची म्हणजे पाणी आलं तरी निघून जाईल. वरच्या थरांना हे करत नाहीये, ते कोरडेच राहू देत.

हे सगळं कोपरा परत बांधायच्या हिशोबानं चाललं होतं. मग धाकटा ढिगाऱ्यापाशी बसून म्हणाला, मम्मी हे सुरुंग लावल्यासारखं झालंय.

आणि बरोबर तोच कोपरा की हो! १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबानं साताऱ्याला वेढा घातला, त्याची छावणी किल्ल्याच्या उत्तरेला करंजे गावात. चार महिने किल्ला लढला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी कड्यात सुरुंग खणले आणि एप्रिल १७०० मध्ये मंगळाईच्या अंगाला उडवले. पहिल्यानं तट कोसळून वरची माणसं गाडली गेली, खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली सापडले आणि त्यांना जिवंत बाहेर काढलं. दुसरा सुरुंग उलटा, बाहेरच्या अंगाला उडाला आणि चढाईला तयार उभं असलेलं मोगलांचंच सैन्य त्याखाली गेलं. ही गोष्ट धाकट्याला आजीनं सांगितलेली, त्याला प्रयागजी म्हणजे सगळ्यात मोठा हिरो.

तर आता आमचा अजिंक्यतारा १७०० चा. कोपरा पडलेलाच ठेवायचा. उगीच पडलेला नाही, रचून पडलेला: ढिगारा आत एक नि बाहेर एक, आतल्यात देवळाजवळ प्रयागजींना बाहेर काढणारे मावळे, बाहेरच्यात उलटलेल्या शिड्या. शेजारच्या कड्याचा पाया मात्र वर लिहिलंय तसा ओलवून पक्का करून घेणार, नाहीतर पुढच्या पावसात १७०० सगळीकडंच होईल.

अडचण थोरलीची होती. आधीच्या बेतात आजचा किल्ला होता आणि तिनं खराट्याच्या काड्यांचा टीव्ही टॉवर केला होता, तिरप्या आधारांसकट, दोऱ्यानं बांधून, अतिशय सुबक. १७०० मध्ये टॉवर कुठला. मी काहीच बोलले नाही, कारण मोडा म्हणणं माझ्यानं होईना. संध्याकाळपर्यंत ती गप्प होती, मग वही घेऊन बसली आणि करंजं कुठं, किल्ला कुठं, आपलं घर कुठं असा नकाशा काढला. आपली पेठ छावणी नि किल्ल्याच्या मधोमध येते म्हणाली. म्हणजे अंगणातल्या फरशीवर किल्ल्याच्या उत्तरेला छावणी मांडायची, तंबू तिचे, मोजमाप तिचं. टॉवर तिनं स्वतःच नेऊन तिच्या कपाटावर ठेवलाय. तंबूंसाठी ह्यांच्या जुन्या शर्टाचं कापड मिळालंय.

बाकीचं भराभर सांगते. माथ्यावरची तळी करवंट्यांची केली, खोल पुरून कडेनं माती लिंपली, थेंब गळत नाही, प्लास्टिकच्या वाट्यांपेक्षा शतपट चांगली दिसतात. वायव्येचा मुख्य दरवाजा नि त्याचे दोन बुरूज झालेत, दरवाजाला आगपेटीच्या काड्या लावल्या. चित्रं, म्हणजे मावळे वगैरे, कुंभाराकडची मातीचीच घेतली. प्लॅस्टरची स्वस्त नि चकचकीत असतात पण सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले, मातीच्या मावळ्यात प्रत्येकाची मान वेगळी वळलेली असते. मात्र ढिगाऱ्यातून माणूस ओढून काढणारा मावळा कुठं मिळणार, तो घरीच वळायचाय. कुंभारकाकांनी थोडी मळलेली माती दिली, त्यात राख नि लीद घातलेली असते म्हणून ती तडकत नाही असं सांगितलं. ही गोष्ट मी लिहिता लिहिता आत्ता डोक्यात आलीय: कड्याच्या सांध्यातल्या काल्यात पण चुलीची राख घालून बघायला पाहिजे. उद्या एका ओळीला करते नि सांगते.

आता अळीव. ह्याचा विचार सगळा बदलावा लागणार, कारण अळीव म्हणजे रोज पाणी आणि पाणी म्हणजे ढेकळांचा शत्रू. दरवेळी भिजवलेलं चिकट अळीव सरळ उतारावर थापतो, बुळबुळीत असल्यानं ते धरून राहतं, दोनतीन दिवसांत मोड नि आठवड्यात हिरवंगार. या वेळी कड्याखालच्या उतारावर पाणी मारलं तरी ओल वर चढणार. म्हणून किल्ल्यावर पेरायचंच नाही. गोणपाटाचे तुकडे उताराच्या आकारात कापून ताटात ओले ठेवायचे, त्यावर अळीव, आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी उगवलेली हिरवळ तशीच उचलून उतारावर अंथरायची. खालच्या अंगाला थोडी मोहरी पण टाकणार, तिची पानं मोठी असतात, झाडी वाटते. माथ्यावर काहीच नाही, सुका भुसा हिरवा रंगवून. आणि पडलेल्या कोपऱ्याखाली हिरवं नकोच, तिथं नुसती माती नि दगड. थोरली म्हणतेय एप्रिलमध्ये किल्ला असा हिरवा नसतोच, पिवळा असतो, सगळंच अळीव रद्द करूया. मुद्दा तिचा बरोबर आहे. पण धाकट्याला अळीव पाहिजेच, रोज सकाळी उठून किती वाढलं ते मोजणं हा त्याचा दिवाळीतला सगळ्यात आवडता उद्योग. तर छावणीच्या बाजूला, ओढ्याकाठी तेवढं हिरवं, असं ठरतंय, आणि उतारावर वाळलेलं गवत कात्रीनं बारीक करून. म्हणजे ताटंही कमी लागतील, कारण मोठी परात सासूबाईंनी चकलीच्या भाजणीला काढून ठेवलीय ती काही मिळायची नाही.

वाळलेलं गवत मातीवर चिकटवायला कुणी काय वापरलंय ते सांगा, डिंक की खळ? खळीला मुंग्या लागतात असा माझा अनुभव, आणि डिंक पाऊस आला तर सुटेल. सुरुंगाचा धूर दाखवायला कापूस मला आवडत नाही, पांढराशुभ्र दिसतो. राखेत लोळवलेला कापूस बरा दिसेल का हे उद्या सकाळी बघते, धाकटा तोवर उठून बसलेलाच असणार.