मेळाव्यातला साक्षीचा तास

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वार्षिक मेळावा म्हटलं की मला आधी आठवतो तो साक्षीचा तास, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकानं उभं राहून सांगण्याची वेळ. संदेश चांगले व्हायचे, गायन तर फारच सुरेख व्हायचं. लहान मुलं पाठ केलेली वचनं म्हणायला उभी राहिली की समोर बसलेल्या आयांचे ओठ आपोआप हलायचे. पण जीव अडकलेला असायचा साक्षींमध्ये. कोणाला नोकरी लागलेली, कोणाचं जुनं दुखणं बरं झालेलं, कोणाचं मोडत आलेलं घर सावरलेलं. एकेक साक्ष झाली की सगळे मिळून देवाचे आभार मानायचे.

त्यातल्या बहुतेक साक्षी आता आठवत नाहीत. आठवतात ती माणसं, जी दरवर्षी उभी राहायची आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखं नवीन काही नसायचं. एक काकू होत्या. मुलगा घर सोडून गेलेला, ठावठिकाणा नाही. त्या एवढंच म्हणायच्या, "अजून निरोप नाही. प्रार्थना चालू आहे. प्रभू विश्वासू आहे." आणि खाली बसायच्या. एका वर्षी मात्र त्या यातलं काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं आणि 88 वं स्तोत्र वाचायला घेतलं. विलापाची बाकीची स्तोत्रं बहुधा शेवटाकडे येता येता स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारापाशीच संपतं. काकूंचं बोट एकेका ओळीखालून सरकत होतं. शेवटच्या ओळीशी ते थांबलं आणि त्यांनी पुस्तक मिटलं. काय करावं कुणालाच सुचेना. मग मागच्या रांगेतून एका आजोबांनी मोठ्यानं "आमेन" म्हटलं, आणि त्यांच्यामागून सगळ्यांनी.

त्या स्तोत्राची सुरुवातच 'माझ्या उद्धारक देवा' अशा हाकेनं होते. पुढची सगळी तक्रार त्यालाच केलेली आहे, रात्रंदिवस, त्याच्याच दारात उभं राहून. विश्वासात टिकणं ते हेच, असं मला तेव्हापासून मनापासून वाटत आलंय.

तरुण संघाच्या सत्रात पाळकसाहेब पॉलिकार्पची गोष्ट हमखास सांगायचे. आजच्या तुर्कस्तानातल्या स्मुर्णा येथील मंडळीचा हा वृद्ध अध्यक्ष, म्हणजे बिशप. दुसऱ्या शतकाच्या मध्यास त्याला धरून आणलं आणि ख्रिस्ताची निंदा कर, सोडून देतो, असं सांगितलं. तो म्हणाला, 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा मी कशी करू? आम्हा मुलांच्या अंगावर काटा यायचा तो पुढच्या आगीच्या वर्णनानं. आता मला त्या 86 वर्षांचं जास्त वाटतं. त्या दिवशी दिलेलं उत्तर आधीच्या कितीतरी साध्या दिवसांत तयार होत आलं असणार: आजारपणं, मंडळीतली भांडणं, कंटाळा आलेला असतानाही केलेली सकाळची प्रार्थना. त्याच स्मुर्णा येथील मंडळीला बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात मरेपर्यंत विश्वासू राहा असं सांगितलेलं आहे, हेही पाळकसाहेब न विसरता जोडायचे.

आणि हे एकट्यानं जमत नाही. आपलं एकत्र मिळणं सोडू नका, एकमेकांना उत्तेजन द्या, असं बायबलमधल्या 'इब्री लोकांस पत्रा'च्या दहाव्या अध्यायात आहे. पत्र वाचणारे दमलेले होते. विश्वासापायी त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, चारचौघांत अपमान झाला होता. त्याच अध्यायात पुढे त्यांना सांगितलंय की तुम्हांला सहनशक्तीची गरज आहे. सहनशक्ती आणि एकत्र येणं ही दोन्ही एकाच श्वासात आलेली आहेत, आणि आमच्या मेळाव्यात मी ती तशीच पाहिली. काकूंना जेव्हा 'प्रभू विश्वासू आहे' म्हणवलं नाही, तेव्हा त्यांच्या वतीनं ते म्हणायला बाकीचे होते.

सगळेच टिकले असं मात्र नाही. काही चेहरे दिसेनासे झाले, आणि त्यांची नावं प्रार्थनेत घेतली जायची. मला अशा वेळी प्रेषित पौलाचं शेवटचं पत्र आठवतं. तुरुंगातून आपला सहकारी तीमथ्य याला लिहिताना 'धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे' म्हणणारा हा माणूस लगेच पुढे सांगतो, देमास मला सोडून गेला. आणि त्याच्या पुढच्याच ओळीत, मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. हा तोच मार्क, जो पूर्वी पौलाबरोबरच्या सेवेच्या प्रवासात पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावर परत फिरला होता. त्याला पुन्हा सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात इतकी कडाक्याची तेढ पडली की दोघे वेगळे झाले होते.

आमच्यातलाही एक जण बऱ्याच वर्षांनी परत आला. साक्षीच्या तासाला दाराजवळ बसला, उभा राहिला नाही, आणि त्याला कुणी उठवलंही नाही. सभा संपल्यावर पाळकसाहेब त्याच्याशेजारी जाऊन बसले, म्हणाले, "उद्याचं शास्त्रवाचन तू करशील ना?" त्यानं केलं. पुढच्या वर्षी मेळाव्याच्या तयारीच्या यादीत त्याचं नाव होतं.